एका गुलाबाची तीन रोपं

दातांच्या डॉक्टरने दवाखान्यात वाचायला काही ठेवू नये, असं आता त्रुटीरावांचं ठाम मत झालं आहे. भिंतीवर कवळ्यांची चित्रं लावावीत, फार तर पंखा जोरात सोडावा. माणूस पंख्याकडे बघत बसतो, दाढ काढून घेतो आणि गाल धरून घरी जातो. पण या डॉक्टरने मासिकं ठेवली होती, तीही परदेशी, तीही बागकामाची. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्रुटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणी खात्यात ते हेडक्लार्क होते. नळाच्या जोडणीचा अर्ज टेबलावर आला की ते आधी चष्मा पुसत, मग अर्ज वाचत आणि समासात लाल शाईने लिहीत, ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा.’ सहीखाली रेघ नसली तर ती त्रुटी, असली तर ती कशासाठी आहे याचा खुलासा नाही ही त्रुटी. कचेरीतल्या लोकांनी हे नाव आधी पाठीमागे ठेवलं, मग तोंडावर घ्यायला लागले, आणि एकदा तर साहेबांनी पत्रावरही टाकलं. त्रुटीरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. अठ्ठावीस वर्षांत आपण एक खोटा शब्द लिहिला नाही की बोललो नाही, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

घरातले अर्ज तोंडी यायचे, एवढाच फरक. बायको लग्नानंतर बरीच वर्षं काही ना काही मागत असे. कुठे चार दिवस जाऊ या का, स्वयंपाकघरात आणखी एक खिडकी काढू या का. त्रुटीराव ‘नाही’ असं कधीच म्हणाले नाहीत. ते फक्त त्यातली अडचण दाखवून देत. मग ती अडचण दूर होईपर्यंत ती गोष्ट मागे राही आणि मागे राहिलेली गोष्ट तिथेच राही. खिडकीच्या अर्जाला आता अकरा वर्षं झाली. त्यानंतर बायकोने काही मागितलंच नाही. संसार सुरळीत चालला आहे, असा त्रुटीरावांनी त्याचा अर्थ लावला होता.

तर त्या दिवशी बायकोची दाढ काढून झाली होती. अर्धा जबडा बधिर, गालात कापूस, आणि रक्त थांबेपर्यंत बसा असं सांगितलेलं. ती मासिक चाळत होती. एका पानाशी थांबली, चित्रावर बोट ठेवलं आणि कापसासकट म्हणाली, “हा एक गुलाब आपल्या अंगणात असता तर किती बरं झालं असतं.”

त्रुटीराव गोंधळले. हे बायको बोलली की इंजेक्शन बोललं, तेच त्यांना कळेना. त्यांनी वाकून चित्र पाहिलं. गुलाब चांगलाच होता. पिकल्या जर्दाळूच्या रंगाचा, वाटीसारखा गोल, आत पाकळ्याच पाकळ्या, कुठे संपतात ते कळू नये इतक्या. घरी आल्यावर बायको त्या विषयावर चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. ती म्हणाली, असंच म्हटलं हो, तुम्ही मनावर नका घेऊ, त्यात काहीतरी निघेलच.

त्यात काहीतरी निघेलच. हे वाक्य त्रुटीरावांना लागलं. का लागलं ते त्यांना सांगता आलं नसतं, कारण वाक्य खरं होतं आणि खऱ्या वाक्याने माणसाला लागू नये असा त्यांचा समज होता. ते ताडकन म्हणाले, “आणतो.” बायको हसली. कुजकट नाही, खिजवून नाही. घरातलं लहान मूल ‘मी तुला विमान आणून देईन’ म्हणालं की आपण हसतो, तशी हसली. आणि त्रुटीरावांनी तिथल्या तिथे ठरवलं की काही झालं तरी हा गुलाब अंगणात लागलाच पाहिजे. नाही लागला, तर ही बाई जन्मात पुन्हा काही मागणार नाही.

डॉक्टरकडून ते पान मागून आणताना त्यांची अर्धी अब्रू गेली. पान घेऊन ते रोपवाटिकेत गेले. मालकाने चित्राकडे ओझरतं पाहिलं आणि एक कुंडी पुढे केली. कुंडीत लालभडक गुलाब होता. त्रुटीराव म्हणाले, हा लाल आहे. मालक म्हणाला, आता लाल आहे. लावा, पाणी घाला, हवा मानवली की येतो तो रंग. दुसरा एक पिवळा दाखवून म्हणाला, हे दोन शेजारी शेजारी लावले तर मधला रंग आपोआप होतो. माणूस इतक्या आत्मविश्वासाने बोलत होता की त्रुटीराव कुंडी घेऊन फाटकापर्यंत आलेसुद्धा. मग भानावर येऊन परत गेले. तेव्हा मालकाने खरं सांगितलं. हे युरोपातले गुलाब इथे मिळत नाहीत. ते लोक तिथे वीस वीस वर्षं खपून एकेक नवा गुलाब काढतात, त्याचे हक्क राखून ठेवतात आणि रोप पाठवायचं म्हटलं की त्यांच्याही कपाळाला आठ्या आणि आपल्या सरकारच्याही.

वरच्या मजल्यावर निवृत्त स्टेशनमास्तर राहत. त्यांना हे कळायला वेळ लागला नाही, कारण त्यांना सगळंच वेळेवर कळे. ते म्हणाले, एवढं काय त्यात, कोणीतरी तिकडून येत असेलच, टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत तळाशी घालायचं, वर मळके कपडे. मळके कपडे कोणी उपसत नाही. त्रुटीरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की स्टेशनमास्तरांनी चहाचा उरलेला घोट तसाच ठेवला. चोरून आणलेला गुलाब अंगणात लावायचा आणि सकाळी त्याच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं, असं त्रुटीरावांचं म्हणणं होतं.

मग पत्रव्यवहार. युरोपातल्या चार रोपवाटिकांना त्यांनी पत्रं लिहिली, विषय, संदर्भ, सोबत मासिकाच्या पानाची प्रत. पहिल्यांनी कळवलं की तुमच्या देशात आम्ही पाठवत नाही. दुसऱ्यांनी कळवलं की आम्ही कुठेच पाठवत नाही, येऊन घेऊन जा. तिसऱ्यांनी त्यांच्या प्रतिनिधीचं नाव दिलं, आणि तो प्रतिनिधी म्हणजे तोच, लाल कुंडीवाला. चौथ्यांनी मात्र लिहिलं की आयातीचा परवाना पाठवा, आम्ही रोप पाठवतो. मुळं धुऊन, मातीचा कण न ठेवता, थंडीत, झोपलेल्या अवस्थेत. झोपलेलं रोप कसं असतं यावर त्रुटीरावांनी दोन दिवस विचार केला.

परवान्याच्या अर्जात एकेचाळीस रकाने होते. खरं सांगायचं तर तो अर्ज बघून त्रुटीरावांना भरून आलं. इतका नीट, इतका संशयी अर्ज त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. ‘वनस्पती कशासाठी हवी’ या रकान्यात त्यांनी आधी ‘शोभेसाठी’ लिहिलं, मग प्रामाणिकपणे विचार केला की शोभा आपल्याला कळत नाही, आणि खोडून ‘पत्नीसाठी’ लिहिलं. अर्ज परत आला, खाडाखोड चालत नाही म्हणून. त्रुटीरावांनी मान हलवली आणि नवा अर्ज आणला. असा तो पाच वेळा परत आला आणि पाचही वेळा टेबलामागच्या कारकुनाचंच बरोबर होतं. सहाव्या खेपेला परवाना मिळाला, तेव्हा तर ते घरी येऊन बायकोला म्हणाले, काय माणूस आहे, एक गोष्ट सोडत नाही. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, असतात अशी माणसं.

हिवाळ्यात पार्सल आलं. त्रुटीराव अर्धा दिवस रजा टाकून बंदरावरच्या वनस्पती तपासणी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने खोकं उघडलं. ओल्या कागदात गुंडाळलेल्या तीन काटक्या, एका बुंध्यातून फुटलेल्या, खाली टोकाला दाढीसारखी मुळं. याला झोपलेलं म्हणायचं की गेलेलं, हे त्रुटीरावांना कळेना, पण सोबतची कागदपत्रं मात्र उत्तम होती. कारकुनाने ती एकापुढे एक मांडली आणि त्याच्या चेहऱ्यावर एक हलकी चमक आली. ती चमक त्रुटीरावांनी लगेच ओळखली, कारण ती त्यांच्याही चेहऱ्यावर रोज दुपारी येत असे.

परवान्यावर गुलाबाचं नाव होतं ‘सरदारीणबाई’, म्हणजे कोण्या सरदाराच्या बायकोचं. तेच मासिकात होतं. निरोगीपणाच्या दाखल्यावर नाव होतं ‘निवांत संध्याकाळ’, कारण ज्या देशातून रोप निघालं तिथे हा गुलाब त्या नावाने विकतात. आणि बुंध्याला बांधलेल्या चिठ्ठीवर होतं ‘क्रट्झफेल’, जे मूळ हक्काच्या नोंदणीतलं नाव. हे त्या लोकांचं नेहमीचंच आहे. गुलाब एक, आणि ज्या देशात जाईल तिथे नवं बारसं. पण कारकून म्हणाला, “तीन नावं आहेत, म्हणजे तीन रोपं. एक इथे आहे. बाकीची दोन कुठे आहेत?”

त्रुटीरावांनी तोंड उघडलं. त्यांना उत्तर माहीत होतं. पण उत्तर माहीत असणं निराळं आणि ते कागदावर असणं निराळं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक. ते म्हणाले, हे तिन्ही एकच. कारकून म्हणाला, मग नाव बदलल्याचं राजपत्र जोडा. त्रुटीराव म्हणाले, माणसांचं निघतं, गुलाबाचं राजपत्र कसं निघणार? कारकून म्हणाला, ते मी कसं सांगू. आणि खरंच, ते त्याने कसं सांगावं?

नऊ दिवस रोप त्या कचेरीतल्या कपाटावर ओल्या कागदात पडून होतं. नऊ दिवस त्रुटीराव रोज तिथे जात, कारकुनाच्या परवानगीने कागदावर पाणी शिंपडत आणि खुलासे लिहीत. पाणी खात्यात नळाच्या जोडण्या तुंबल्या. स्टेशनमास्तरांचं म्हणणं पडलं की एका गाडीला तीन नंबर लावले तर लोक ती तीन फलाटांवर शोधणारच, चूक गाडीची नाही. हे बोलणं उपयोगाचं आहे की नाही ते त्रुटीरावांना शेवटपर्यंत समजलं नाही.

दहाव्या दिवशी तोडगा निघाला. कारकुनाने एक छापील पंचनामा काढला. त्यात प्रत्येक रोपापुढे तीन चौकोन होते : जिवंत, आजारी, मृत. ‘सरदारीणबाई’पुढे जिवंत. राहिली दोन. त्रुटीरावांनी निक्षून सांगितलं की ही दोन रोपं अस्तित्वातच नाहीत, आणि तसं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. त्यासाठी चौकोन नव्हता. कारकुनाने विचार करून ‘मृत’वर खूण केली. त्रुटीराव त्या खुणेकडे बराच वेळ बघत राहिले. जे नाहीच ते जिवंत नाही, आजारी तर नाहीच नाही. खोट काढायची म्हटली तर निघत नव्हती. तिथल्या निरीक्षकांनी सही केली, त्याखाली त्रुटीरावांनीही केली, आणि रोप सुटलं.

संध्याकाळी स्टेशनमास्तर खाली आले, गंभीर चेहरा करून खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, दोन गेली म्हणे. एक तरी वाचलं हे नशीब समजायचं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूही दारात उभं राहून हळहळल्या. त्रुटीरावांनी त्यांना खुलासा करायला सुरुवात केली, पण मध्येच आपण कोणाबद्दल बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं, आणि त्यांनी सगळ्यांचे आभार मानले.

रोप अंगणात लागलं, पण सुटकेला अटी होत्या. वर्षभर विलगीकरण. रोपाभोवती बारीक जाळीची खोली. दहा पावलांच्या आत दुसरं झाड नाही. दारात औषधी पाण्याचं तबक, त्यात पाय बुडवून आत जायचं. आणि नोंदवही : तारीख, वेळ, नाव, येण्याचा उद्देश, सही. अंगणात बायकोच्या पस्तीस कुंड्या होत्या. ती त्यांच्यावर जीव टाकायची. त्या सगळ्या उचलून स्टेशनमास्तरांच्या गच्चीत नेल्या. बायको सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन वर जायची. स्टेशनमास्तर आठ दिवसांत बागकामाचे जाणकार झाले आणि तिलाच सल्ले द्यायला लागले.

पहिला कोंब फुटला त्या दिवशी बायको पहिल्यांदा जाळीत गेली. पाय बुडवले, वहीत नाव लिहिलं आणि उद्देशाच्या रकान्यात लिहिलं, ‘बघणे.’ बराच वेळ ती त्या लालसर कोंबापुढे उकिडवी बसून होती.

आता इथे त्रुटीरावांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय जगात कोणी केलं नसतं. संध्याकाळी त्यांनी वही तपासली. निरीक्षक कधीही येतील, वही चोख हवी. ‘बघणे’ हा काही उद्देश होत नाही. कशासाठी बघणे? कीड? पाणी? वाढ? सवयीने हात लाल पेनाकडे गेला आणि समासात उतरलं, ‘उद्देश अपुरा. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा.’ दुसऱ्या दिवशी बायको वही उघडून उभी राहिली. तिने वाचलं. पेन जागेवर ठेवलं, वही मिटली आणि बादली घेऊन वर गेली.

त्यानंतर ती जाळीत आली नाही. आठवडा गेला, महिना गेला. रोप कमरेएवढं झालं. वहीत फक्त त्रुटीरावांच्या नोंदी, एकाखाली एक, एकही खोट नसलेल्या. इतकी सुंदर वही त्यांनी कचेरीतही ठेवली नव्हती, आणि तरी ती उघडली की त्यांना कसंतरी व्हायचं. काय चुकतंय ते सापडेना. जेवताना ते सांगत, आज तीन नवी पानं. बायको म्हणे, हो का. एकदा त्यांनी विचारलंच, तू बघायला का येत नाहीस? ती म्हणाली, तुम्ही बघताय ना, मग झालं. पानात आमटी वाढून ती आत गेली. त्रुटीरावांना घास गोड लागला नाही.

आणि मग बंदरावरच्या कचेरीचं पत्र आलं. एका खेपेतली निम्म्याहून अधिक रोपं मेली, तर उरलेलं रोप रोगाचं संशयित धरावं व दोन पंचांसमक्ष जाळून नष्ट करावं. आपल्या खेपेतली तीनपैकी दोन रोपं मृत असल्याचं पंचनाम्यावरून दिसून येतं. सबब येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता निरीक्षक येतील. त्रुटीरावांनी पत्र तीनदा वाचलं. पत्रात कुठेच चूक नव्हती.

ते धावत बंदरावर गेले. कारकुनाला म्हणाले, अहो, ती दोन मेली नाहीत, ती नव्हतीच. कारकुनाने शांतपणे पंचनामा काढून पुढे ठेवला. “म्हणजे हे खोटं आहे? यावर आमची सही आहे आणि तुमची. आम्ही खोटं लिहीत नाही. तुम्ही लिहिता का?”

त्रुटीरावांनी आपली सही पाहिली, खालच्या रेघेसकट. त्या टेबलामागे ते स्वतः असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, कदाचित आणखी कोरडेपणाने. आपल्या टेबलापुढून इतक्या वर्षांत किती माणसं अशी गप्प होऊन परत गेली असतील, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिथल्या बाकावर जरा बसावं लागलं. घरी येऊन त्यांनी बायकोला पत्र दाखवलं. म्हणाले, नियमाप्रमाणे बरोबर आहे त्यांचं.

बायकोने पत्र वाचून घडी घातली. “म्हणजे निघालंच यात काहीतरी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्रुटीरावांना बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी त्रुटीराव आंघोळ करून अंगणात आले तर जाळीचं दार उघडं. बायको आत होती. पाय बुडवले नव्हते, वहीत नोंद नव्हती. हातात तिची छाटणीची कात्री, आणि ती रोप छाटत होती. नुसतं शेंडे मारणं नव्हे. एकेक फांदी बुंध्याजवळून उतरवत होती. पानांसकट, काट्यांसकट फांद्यांचा ढीग भिंतीशी पडला आणि जमिनीत वीतभर उंचीचे तीन तपकिरी खुंट तेवढे उरले. त्रुटीराव चक्रावले. जाळायचंच आहे तर छाटायचं कशाला? बायको म्हणाली, छाटणीची वेळ उलटून चालली होती. अहो, गुलाब छाटावा लागतो, नाहीतर फूल धरत नाही. 

अकराला निरीक्षक आले. ते मूळचे वजनमापे खात्यातले, बदली होऊन वनस्पतींत आलेले, आणि रोपापेक्षा तराजू बरा असं त्यांचं अजूनही मत होतं. पंच म्हणून स्टेशनमास्तर आणि शिवणकामवाल्या काकू भिंतीला टेकून उभे राहिले. निरीक्षकांनी पॅड काढलं आणि विचारलं, रोप कोणतं?

बायको भिंतीशी गेली. “हे काय,” ती म्हणाली आणि ढिगाकडे बोट दाखवलं.

निरीक्षकांनी वाकून ढीग पाहिला. पानं होती, काटे होते. मग त्यांची नजर जाळीत गेली. “आणि ते खुंट कसले?”

 स्टेशनमास्तर आभाळाकडे बघायला लागले. बायकोने वळून त्रुटीरावांकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, खूणही नव्हती. आपला कागद टेबलावर ठेवून माणूस शेरा काय पडतो याची वाट बघत उभा राहतो, तशी ती उभी होती.

त्रुटीरावांनी चष्मा पुसला. अठ्ठावीस वर्षं, सगळा जन्मच म्हणा, एक खोटा शब्द नाही, आणि साक्षीला सरकारी माणूस. नियम डोळ्यांपुढे उभे राहिले, पोटनियमांसकट. छाटलेल्या फांद्या म्हणजे रोप नव्हे, हे कोणीही सांगेल. मग त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, आणि तो इतका स्वच्छ होता की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

“ते होय? जाळी ताणायला ठोकलेत. जुन्या खुर्चीचे पाय आहेत.”

खुर्चीचे पाय कुठून आले ते त्यांना आजही सांगता येत नाही. नुसतं ‘काही नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आयुष्यातलं पहिलंच खोटं, किती बोलावं याचा अंदाज कसा येणार. खुर्चीला पाय चार असतात आणि इथे तीनच आहेत, हे लक्षात येऊन त्यांनी घाईने पुढे जोडलं की चौथा मोडला. निरीक्षकांनी मान डोलावून तेही लिहून घेतलं.

मग ढीग पेटवायचा कार्यक्रम. ओल्या फांद्या पेटेनात. स्टेशनमास्तरांनी वारा कुठून येतो ते सांगितलं, मग त्याच्या उलट सांगितलं. काकूंनी चिंध्या आणून दिल्या. तासभर सगळे खोकत आणि डोळे पुसत बसले आणि अखेर एकदाची राख झाली. ‘वरील मजकूर खरा आहे’ याखाली चौघांच्या सह्या झाल्या. त्रुटीरावांनी सही इतक्या घाईत केली की खालची रेघ राहूनच गेली. ती कोणी मागितलीही नाही. बायकोने सगळ्यांना चहा दिला, आणि निरीक्षकांच्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली.

जाळी निघाली, तबक गेलं, कुंड्या गच्चीतून खाली आल्या. खुर्चीच्या पायांना पंधरा दिवसांत कोंब फुटले. पुढे जे झालं त्याची कुठल्याही वहीत नोंद नाही. सात-आठ आठवड्यांनी एका सकाळी फूल उमललं. त्रुटीरावांनी घाईघाईने मासिकाचं पान आणून शेजारी धरलं. चित्रापेक्षा रंग थोडा फिका होता, आणि कडेच्या दोन पाकळ्या मुडपलेल्या होत्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि पानाची घडी घालून खिशात ठेवली. ती चहाचा कप हातात धरून फुलापुढे उभी होती. चहा निवून गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. स्टेशनमास्तर खाली उतरून आले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, छान आहे वास, कशाचा ते मी विचारणार नाही, मी पंच आहे.

त्या दिवशी त्रुटीराव कचेरीत उशिरा गेले. संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्र उघडतात न उघडतात तोच बायको येऊन समोर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“अहो, एक म्हणायचं होतं.”

त्रुटीरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. 

“मला ना, गाडी चालवायला शिकायचं आहे.”

बायकोचं वय छप्पन्न. चष्मा दोन नंबरांचा. शिकाऊ परवाना, पक्का परवाना, डोळ्यांचा दाखला, वयाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, सगळं त्रुटीरावांच्या डोक्यात रांग लावून उभं राहिलं. आणि रांगेच्या सगळ्यात पुढे ही गोष्ट, की घरात गाडीच नाही. ती तर अगदी जिभेच्या टोकावर येऊन थांबली होती.

“कधीपासून सुरू करतेस?” त्रुटीरावांनी विचारलं.